पाहुण्यांचा आठवडा

बाईला आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते वापरायची वेळ फारशी कुणावर आली नाही. माहेरी ती थोरली म्हणून ताई. सासरी वहिनी. नवरा बांधकामावर मजूर होता. एका दुपारी परांचीवरून पडला आणि दिवस मावळायच्या आत गेला, तेव्हापासून काही महिने ती नुसती 'ती बिचारी' होती. मग बालगृहात स्वयंपाकाला लागली आणि जी बाई झाली ती कायमची. अंगानं धिप्पाड, आवाज खणखणीत. भाजीत मीठ टाकायची ते मुठीनं. बघणारा हबकायचा, पण मीठ कधी जास्त झालं असं कुणी सांगावं!

खरं तर ती तिथं स्वयंपाकाला आलीच नव्हती. पोरीला सोडायला आली होती. सासरच्यांनी हात वर केले होते, माहेरी भाऊ स्वतःच दुसऱ्याच्या दुकानात ओझी उचलत होता, आणि वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं की टेकाडावरच्या बालगृहात पोरांना पोटभर जेवण मिळतं, शाळा मिळते, आणि कुणी फार खोदून विचारत नाही. पोरीला कडेवर घेऊन ती फाटकाशी उभी राहिली तर आतून भात करपल्याचा वास आला. आधीची स्वयंपाकीण सकाळीच भांडून निघून गेली होती, आणि खुद्द मम्मी चुलीपुढे उभ्या होत्या, डोळ्यांत धूर, हातात उलटा धरलेला झारा. बाईनं पोरीला उंबऱ्यावर बसवलं, झारा काढून घेतला आणि वरचा भात वाचवला. पोर तर राहिलीच, सोडायला आलेली आईही राहिली. नशीब उघडलं असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि तिचं चुकलं असं म्हणणं पोट भरलेल्या माणसालाच जमेल.

या मम्मी म्हणजे व्यवस्थापकांच्या बायको. साहेब कचेरीत आणि प्रार्थनेत असायचे. घर चालवायच्या त्या मम्मी. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि सगळ्या जगाच्या त्या मम्मी झाल्या होत्या. त्यांच्यापेक्षा वयानं थोराड असलेला रखवालदारसुद्धा "मम्मी, फाटक लावू का?" असं विचारायचा. मम्मी वाईट नव्हत्या. पोरांना ताप आला तर उशाशी बसायच्या. फक्त त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकला.

"हे बघ, इथं सगळी मुलं सारखी. तुझी पोर इतरांच्यातच झोपेल, इतरांच्यातच जेवेल. ती तुला आई आई करत सुटली, की बाकीच्यांच्या जिवाला लागतं. कळतंय ना?"

बाईला कळलं. दुसऱ्याची पोरं आशाळभूतासारखी बघताहेत आणि आपण आपल्या पोरीला कुशीत घेतोय, हे तिच्याच्यानं झालंही नसतं. रोजच्या दिवसांत हा नियम तसा ढिलाच होता. पोरगी स्वयंपाकघरात यायची, "आई, भूक" म्हणायची, बाई तिच्या गालात साखरेची चिमूट टाकायची आणि पोरगी ती विरघळेपर्यंत गाल फुगवून फिरायची. त्यावरून तिचं नाव पडलं खारू. नियम आवळला जायचा तो पाहुण्यांच्या आठवड्यात.

पाहुणे म्हणजे समुद्रापलीकडच्या एका चर्चची मंडळी. वर्षातून एकदा, तिकडे सुट्ट्या लागल्या की यायची. सगळ्यांचे एकाच रंगाचे शर्ट, पाठीवर एकच वाक्य छापलेलं. म्हातारे, तरुण, कॉलेजातली पोरंपोरी. उन्हानं लाल होऊन जायची, पण हसणं म्हणून थांबायचं नाही. त्यांना काहीतरी करायचं असायचं. हात रिकामा राहिला तर त्यांना अपराधी वाटायचं. म्हणून मम्मींनी त्यांच्यासाठी एक भिंत राखून ठेवली होती, अंगणाच्या मागची. दर वर्षी पाहुणे ती रंगवायचे. एका वर्षी पिवळी, एका वर्षी निळी, एका वर्षी तिच्यावर इंद्रधनुष्य आणि मेंढरं. पाहुणे यायच्या आधी रखवालदार ती घासून घासून जरा वाईट करून ठेवायचा, नाहीतर रंगवायला निमित्त काय? "या भिंतीइतकी नटवी सवाशीण वस्तीत दुसरी नाही," असं बाई म्हणायची.

हसण्यावारी नेण्यासारखं एवढंच. बाकीचं हसण्यासारखं नव्हतं. पाहुणे अनाथ मुलांसाठी यायचे, आणि बालगृहातल्या निम्म्या मुलांना आईबाप होते. कुणाची आई धुणीभांडी करायची, कुणाचा बाप दारूत बुडाला होता, कुणाच्या घरी सात पोरं आणि एक खोली. गरिबी होती, पण मरण नव्हतं आलं. आता हे पाहुण्यांना कोण सांगणार? साहेबांनी एकदा आरंभी अनाथ म्हणून सांगितलं आणि मग तेच चालत राहिलं. एक खोटं झाकायला सात खोटी लागतात, तसं. अनाथपण हे तिथल्या मुलांचं वर्षातून आठवडाभर करायचं काम होऊन बसलं. त्या आठवड्यात आईबापांनी फाटकाकडे फिरकायचं नाही. मग आया काय करायच्या, तर रस्त्यापलीकडच्या नळावर हंडे घेऊन यायच्या. हंडा भरून वाहू लागला तरी नळ बंद व्हायचा नाही. कुंपणाच्या आत आपलं पोर कुणा परक्या बाईच्या खांद्यावर बसून खिदळतंय, हे बघत उभ्या राहायच्या. बघायच्या आणि एकमेकींना म्हणायच्या, "जरा भरलाय ना ग अंगानं?"

बाईला नळावर उभं राहावं लागत नव्हतं, ती आतच होती. आणि आत असणं जास्त अवघड होतं. पहिल्या वर्षी मम्मी म्हणाल्या, "लहान आहे ती, तिच्या तोंडून जाईल. आठवडाभर भावाकडे नेऊन ठेव." बाईला ते नको होतं. तिनं डोकं चालवलं, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. तिनं त्याचा खेळ केला.

"हे बघ खारू," ती पोरीला मांडीवर घेऊन म्हणाली, "पाहुणे आले की आपला खेळ सुरू. मी बाई. तू मला बाई म्हणायचं, अहो-जाहो करायचं. जिच्या तोंडून 'आई' निघालं ती हरली. जिंकलीस तर शेवटच्या दिवशी मूठभर साखर."

"मूठभर? तुझी मूठ का माझी?"

"माझी."

बाईची मूठ केवढी ते पोरीला ठाऊक होतं. ती हरली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. पाहुणे असताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "बाई, पाणी देता का?" असं म्हणायची, आणि बाईला हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची. केवढीशी ती, आणि ठसका केवढा! मम्मीसुद्धा कौतुक करायच्या. बाकीच्या मुलांच्या तोंडून कधीतरी निसटायचं, मग धावपळ, सारवासारव. खारूच्या तोंडून नाही. हुशार होती. पाहुण्यांची भाषाही तिनं अशी उचलली की मम्मींच्या खालोखाल तीच.

पाहुण्यांत एक चष्मेवाली होती, साठीकडे झुकलेली, तिकडे शाळेत शिकवायची. दर वर्षी यायची आणि उतरल्या उतरल्या खारूला शोधायची. तिच्यासाठी गोष्टींची पुस्तकं आणायची, सावलीत बसून वाचून घ्यायची. बाई खिडकीतून बघायची. तिला चष्मेवालीचा राग यायला हवा होता, पण यायचा नाही. माणूस चांगलं होतं. परत निघताना गाडीत बसून हुंदके देऊन रडायची, आणि ते रडणं खोटं नव्हतं. तिला जे सांगितलं होतं ते तेवढं खोटं होतं.

खारू नऊ वर्षांची झाली त्या वर्षी बाईच्या भावानं निरोप आणला. शहरातल्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जागा होती, मागच्या बाजूला राहायला खोली होती. छोटी, पण दार लावलं की आपली.  इतकी वर्षं बाईनं एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही मनातल्या मनात: एक दार असावं, ते आतून लावावं, आणि पोरगी दिवसभर आई म्हणून ओरडली तरी कुणाला बिघडू नये. पाहुण्यांचा आठवडा तोंडावर होता, मध्येच मम्मींना तोंडघशी पाडणं बरं दिसलं नसतं. आठवडा उरकून निघायचं तिनं ठरवलं. खारूला तेवढं सांगितलं.

"हा शेवटचा खेळ. मग आपली खोली. मग म्हण काय म्हणायचं ते."

खारूनं मान डोलावली. फार आनंद झाल्यासारखी दिसली नाही. बाईला वाटलं, पोर आहे, कळलं नसेल.

त्या वर्षीच्या पाहुण्यांना स्वयंपाकातही मदत करायची हुक्की आली. बटाटे सोलले ते असे की सालींचाच ढीग मोठा. बाईनं कपाळाला हात लावला आणि गप्प बसली. पाहुण्यांना कोण बोलणार? दुपारी भाताचं पाणी काढायच्या वेळी एक दांडगा पोरगा पुढे झाला, मी उचलतो म्हणून खुणा करू लागला. खारू शेजारी रोवळी धरून उभी होती. त्यानं पातेलं वाकवलं, झाकण सटकलं, आणि उकळतं पाणी पोरीच्या हातावर आलं.

ती किंचाळली. रोवळी फेकून ती धावत बाईकडे आली, आणि बाईच्या अंगावर झेपावायच्या ऐवजी एक पाऊल अलीकडे थांबली. भाजलेला हात पुढे धरून, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना ती म्हणाली, "बाई, हात भाजला हो माझा. बघा ना, बाई."

जिवावर बेतलं की माणसाच्या तोंडून आई निघतं. म्हातारी कोतारी, आई जाऊन जमाना झालेली माणसंसुद्धा ठेच लागली की आई गं म्हणतात. आणि या नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून, आई समोर उभी असताना, बाई निघालं. वर अहो-जाहो. 

तिनं पोरीला उचललं, हात पाण्याच्या बादलीत बुडवला, आणि मग तिचा तो खणखणीत आवाज सगळ्या स्वयंपाकघरात घुमला. "माझी लेक आहे ही! ऐकताय का? माझ्या पोटची पोर आहे! अनाथ नाही ती, मी तिची आई आहे!"

 भाषा कळली नाही तरी ओरडणं सगळ्यांना कळलं. मलम घेऊन आलेली चष्मेवाली दारातच थांबली आणि तिनं मम्मींकडे बघितलं.  मम्मी पाहुण्यांच्या भाषेत, सावकाश, काहीतरी बोलल्या.

बाई त्यांच्या तोंडांकडे बघत होती. आता चेहरे बदलतील, कपाळाला आठ्या पडतील, कुणीतरी साहेबांना जाब विचारेल. तसं काहीच झालं नाही. चष्मेवालीचे डोळे भरून आले. तिनं बाईचा ओला हात आपल्या हातात घेतला आणि त्याचा मुका घेतला. एकेक जण पुढे येऊन बाईला मिठी मारू लागला, तो दांडगा पोरगा तर ओक्साबोक्शी रडला. बाईला वाटलं, समजलं यांना! समजलं आणि राग नाही आला. एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं आपण कशाला घाबरलो? पोरीचा हात भाजलेला असताना, डोळे वाहत असताना, तिला असं हलकं वाटलं की विचारू नका.

ते हलकेपण संध्याकाळपर्यंतच टिकलं. खारूच्या हाताला पट्टी बांधली होती, आणि ती भांडी घासणाऱ्या आईजवळ पायरीवर बसली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"पाहुणे चांगले आहेत," बाई म्हणाली. "खरं सांगितलं तर कुणी रागावलं नाही बघ."

खारू पट्टीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मम्मींनी तसं नाही सांगितलं त्यांना. मम्मी म्हणाल्या, बाईंचं काळीज फार मोठं आहे, त्यांना इथली सगळीच मुलं पोटच्यासारखी वाटतात, म्हणून त्या अशा बोलल्या."

बाईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "आणि तू ऐकलंस?"

"हो."

"तुला येते की त्यांची भाषा. तू का नाही बोललीस?"

पोरीनं आश्चर्यानं वर बघितलं. "खेळ चालू होता ना?"

बाईनं पातेलं खाली ठेवलं. मग हात पुसून तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आता इथं कुणी नाही. खेळ थांबवला मी. आता म्हण."

खारूनं तोंड उघडलं. दाराकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. शेवटी आईच्या दंडावर डोकं टेकून, तिचीच समजूत काढावी तशी ती म्हणाली, "मनात म्हणते ना मी. रोज म्हणते. तोंडातून येत नाही आता."

दुसऱ्या दिवशी मम्मींनी बाईला कोठीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. बाईला वाटलं, आता काढून टाकतात. पण मम्मी रागात नव्हत्या. म्हणाल्या, "कालचं मी सांभाळून घेतलं, ते तुझ्याच भल्यासाठी. आता नीट ऐक. चष्मेवाल्या बाईंच्या चर्चची मोठी शाळा आहे, राजधानीत. वसतिगृह आहे. तिथं अनाथ मुलींना घेतात, थेट कॉलेजपर्यंत शिकवतात. त्यांना खारूला न्यायचं आहे."

"अनाथ मुलींना," बाई म्हणाली.

"हो. आई असली तर ती जागा मिळत नाही."

"मला दवाखान्यात काम मिळालंय. खोली आहे. मी तिला घेऊन चाललेय."

"खोली आहे," मम्मी म्हणाल्या. "आणि पुढे? चार यत्ता शिकून तुझ्याबरोबर पातेली घासेल? तू आई आहेस ना तिची? मग आईसारखा विचार कर."

लागट बोलणं होतं, पण खोटं नव्हतं, आणि खोटं नव्हतं म्हणूनच ते जास्त लागलं. बाई विचार करकरून थकली. मनात एकदा खोलीचं दार दिसायचं, एकदा सावलीत पुस्तक वाचणारी पोरगी दिसायची. शेवटी तिनं पोरीलाच विचारलं. हेही चुकलंच म्हणा. नऊ वर्षांच्या पोराला असं विचारतात का? पण दुसरं कुणी नव्हतं तिला विचारायला.

"तिथं खूप पुस्तकं आहेत म्हणे," खारू म्हणाली. "भिंतभर."  मग: "तू येशील ना भेटायला?"

ते 'तू' ऐकून बाईनं तिला जवळ ओढलं. "येईन की. स्वयंपाकीणबाई म्हणून येईन. डबा घेऊन."

"मग खेळ किती दिवस चालेल?"

"शाळा संपेपर्यंत."

खारूनं हिशेब केल्यासारखे डोळे बारीक केले आणि आईला धीर देत म्हणाली, "चालेल. मी हरत नाही."

ती गेली. दवाखान्यातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. बाईनं बालगृह सोडलं नाही, कारण सुट्टीत पोरीला यायला ठिकाण एकच होतं, आणि आई म्हणून नाही तर स्वयंपाकीण म्हणून तरी ती तिथं सापडायला हवी होती. डबा घेऊन ती एकदाच गेली राजधानीला. वसतिगृहाच्या फाटकावर "कोण तुम्ही?" असं विचारल्यावर तिचं धाडस गळालं, ती डबा ठेवून परत आली. सुट्टीत खारू यायची, दर खेपेला बोटभर उंच होऊन. स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलायची, शाळेतल्या गमती सांगायची, आणि बोलता बोलता बाई, बाई करायची. बाईनं पुन्हा कधी "आता म्हण" असं म्हटलं नाही. एकदा मागून बघितलं होतं, दुसऱ्यांदा मागायची हिंमत नव्हती.

शाळा संपली तरी खेळ संपला नाही. चष्मेवालीनं तिला आपल्या देशात नेलं, परिचारिका होण्यासाठी. तिथून कचेरीत फोन यायचा. मम्मी बाईला हाक मारायच्या आणि समोरच बसून राहायच्या.

"बाई, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. जेवतेस ना वेळेवर?"

"हो."

"बरं."

एवढंच. फोन ठेवल्यावर बाईला बोलायचं सगळं आठवायचं. मग ती ते शेगडीशी बोलायची. चूल जाऊन शेगडी आली होती, मम्मींचे केस पांढरे झाले होते, रखवालदार वारला होता, आणि भिंत अजून दर वर्षी रंगत होती.

आणि एका वर्षी पाहुण्यांच्या गाडीतून खारू उतरली. अंगात तोच शर्ट, पाठीवर तेच वाक्य. मम्मी थकल्या होत्या, म्हणून या वेळी दोन्ही भाषा बोलायचं काम तिच्याकडे होतं. पहिल्या संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर तिला तिची गोष्ट सांगायला लावली. ती पाहुण्यांच्या भाषेत बोलली, मग मुलांसाठी आपल्या भाषेत. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून ऐकत होती. "मला जगात कुणी नव्हतं," असं पोरीनं सांगितलं. ती स्पष्ट, गोड आवाजात बोलत होती. एकदाच खिडकीकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. बाईला राग नाही आला. त्या गोष्टीवर पोरीचं शिक्षण उभं होतं, नोकरी उभी होती, तिकडच्या माणसांची माया उभी होती. पायाचा दगड कोण काढणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली. एकटी नव्हती. बरोबर एक उंच, लाजाळू तरुण होता, आणि त्याचे आईवडील. खारूच्या बोटात अंगठी होती. बाईला कुणी सांगावं लागलं नाही. हा आपला जावई, तिच्या मनात आलं, आणि हे व्याही-विहीण, आणि आपण तेलकट पदर खोचून उभ्या. तिनं घाईघाईनं चहा टाकला. दूध पाहुण्यांसाठी राखलेलं होतं, ते सगळंच्या सगळं ओतलं. पहिला कप तिनं त्या पोराच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. चांगला होता पोरगा. बाई त्याच्याकडे डोळे भरून बघून घेत होती, कारण पुन्हा बघायला मिळणार नव्हता हे तिला कळत होतं.

खारूनं त्यांना बाईबद्दल पुष्कळ सांगितलं असावं, कारण तिघंही मायेनं बघत होते. तो पोरगा काहीतरी म्हणाला. खारूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती थोडा वेळ बोललीच नाही. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही, त्यानं पुन्हा विचारलं.

"बाई," ती म्हणाली, आणि तिचा गोड आवाज फाटला. "हे विचारतायत... तुम्हाला स्वतःची मुलं आहेत का?"

प्रश्न त्याचा होता, पण डोळे पोरीचे होते, आणि ते डोळे वेगळंच विचारत होते. बाईला ते वाचता आलं. तू म्हणालीस तर मी सांगते, असं त्यात होतं. आत्ता, यांच्यासमोर, सगळं सांगते. नऊ वर्षांची असताना जी एक पाऊल अलीकडे थांबली होती, ती आज एक पाऊल पुढे यायला तयार होती. बाईनं फक्त मान हलवायची होती. तिच्या आयुष्याचं सगळं मागणं तिच्यासमोर येऊन उभं होतं, आणि पोरीच्या मागे ती तीन चांगली माणसं कप हातात धरून हसत उभी होती. त्यांनी कालच संध्याकाळी अंगणात ती गोष्ट ऐकून डोळे पुसले होते.

बाईनं पदरानं हात पुसले.

"नाहीत म्हणून सांगा त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही चहा घ्या, ताई. गार होतोय."

खारू तशीच उभी राहिली. मग तिनं त्यांच्या भाषेत ते एकच वाक्य सांगितलं. विहीणबाईंनी हळहळून मान हलवली. तो पोरगा पुढे आला, त्यानं बाईचे दोन्ही हात धरले आणि तिच्या डोळ्यांत बघत, अगदी मनापासून, बराच वेळ काहीतरी बोलला. त्याचं खारूनं भाषांतर केलं नाही, आणि बाईनंही विचारलं नाही.